दह्याची वाटी

लष्कर, ग्वाल्हेर
शुक्रवार, २१ जून १९५७, संध्याकाळ

वसू गेला. राजधानी भोपाळला गेल्यापासून एकेक कचेरी तिकडे हलते आहे; आज त्याची. धाकट्या भावाच्या हातावर निघताना दही मी ठेवायचं, हे लहानपणापासून ठरलेलं. आज आईने मला लांब बसवून वाटी उंबऱ्यावर ठेवली. त्याच्या कचेरीत निम्मे लोक फ्लूने पडलेत, आणि मला खोकल्याची एक उबळ पुरते. नाकातून रक्त सुरू झालं की थांबत नाही. जन्माचं दुखणं. आईचं चुकलं असं कसं म्हणू? पण राग आला. कोणाचा?

वसूने वाकून वाटी उचलली, स्वतःच दही हातावर घेऊन चाटलं. तिथूनच म्हणाला, "दादा, येतो. तबियत सांभाळ. रक्त लागलं तर तार कर, मिळेल ती गाडी पकडून येईन."

"ये," म्हणालो.

दर वेळी त्याचंच रक्त मला चढवतात. शेजारच्या खाटेवर पडून तो मला हसवत असतो.

वाटी अजून उंबऱ्यावरच आहे. त्याचं रक्त माझ्या अंगात चालतं, आणि त्याच्या हातावर चमचाभर दही ठेवायला आज मी चाललो नाही.