नळाजवळचा गवती चहा

नैरोबी
१८ नोव्हेंबर

प्रिय रोडाताई,

तुला, भाऊजींना आणि मुलांना प्रभूच्या नावाने नमस्कार. मी बरा आहे, आणि तिकडे तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून लिहायला बसलो आहे. गावी बसने ये-जा करणारा आपला जुंबा सांगत होता की म्बालेला यंदा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. केळीच्या नव्या रोपांना चर काढून दिला का? मागच्या वेळी मुळं कुजली होती. भाऊजींचा गुडघा कसा आहे तेही कळव.

हे पत्र जुंबाच्या हाती बसने पाठवतो आहे आणि तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. आईला वाचता येत नाही, पण कागद दिसला की ती एखाद्या पोराला समोर बसवते आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेते. फोन तर तिच्या उशाशीच असतो, आणि त्यातला आवाज अंगणापर्यंत ऐकू जातो. म्हणून पत्र. गोठ्यात जाऊन वाच.

इथे किलेलेश्वात सध्या जॅकरांडा फुलला आहे. सकाळी रस्ता जांभळा असतो. आमच्या चर्चमध्ये मला आता दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवायचं काम दिलं आहे. बूट जुनेच आहेत, पण चकाकतात. फिलिस्टर, इंजिनिअर ओलुओच यांच्या घरी स्वयंपाक करते ती, मला म्हणाली, "तुझ्या बुटात बघून मी डोक्याला रुमाल बांधते." ती आईची नेहमी चौकशी करते.

आईने मागच्या फोनवर खोलीबद्दल विचारलं. पत्रा गळतो का, पलंगाला वाळवी लागली नाही ना, नळाजवळचा गवती चहा जिवंत आहे का. मी म्हणालो, गवती चहा छान आहे. ते खरं आहे. बाकीचं सांगायला मला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल.

गाथोनीबाईंना त्यांच्या मुलाने जूनमध्ये त्याच्याकडे नेलं, हे तुला माहीत आहे. त्या आता माणसं ओळखत नाहीत. आईला त्या म्हणाल्या होत्या, "अग्नेटा, मी आहे तोवर मागची खोली तुझी." आईने तीस वर्षं त्यांच्या चुलीशी काढली, तेव्हा तो शब्द त्यांनी मनापासूनच दिला असणार. त्या अजून आहेत. पण त्यांना विचारून काही होत नाही. मुलाने जागा विकली. ऑगस्टमध्ये फाटकावर एक पाटी ठोकली गेली: या जागेवर सोळा मजली इमारत होणार, कोणाची हरकत असल्यास कळवावी. फाटकावर पहारा करताना मी ती पाटी रोज वाचायचो. त्यात कामाच्या माणसांच्या मागच्या खोल्यांबद्दल एक शब्द नव्हता. बाहेर लोक म्हणायचे, इतकी मोठी इमारत कोण होऊ देणार? मीही तेच म्हणायचो.

ओलुओच साहेब इथल्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. ते स्वतः फाटकापाशी आले. म्हणाले, "एल्फास, सभेला माणसं हवीत. सगळ्या घरांतली कामाची माणसं घेऊन ये. माळी, स्वयंपाकिणी, पहारेकरी. डोकी जास्त दिसली पाहिजेत." मी दारोदार फिरलो. फिलिस्टर म्हणाली, "आम्हाला विचारणार आहेत, की नुसतं मोजणार आहेत?" मी म्हणालो, विचारतील. मला एक प्रश्न विचारायचा होता, तो मी चांगला पाठ करून ठेवला होता. इमारत झाली तर मागच्या खोल्यांत राहणाऱ्यांचं काय? एवढाच.

सभा शाळेच्या मैदानात तंबूत झाली. पुढे रहिवासी, सगळ्यांच्या अंगात 'आमची झाडं वाचवा' लिहिलेले पिवळे टी-शर्ट. मागे आम्ही. बाजूला तिवईवर त्या इमारतीचं मोठं चित्र, त्यात निळं आकाश आणि फुगे धरलेली मुलं. बिल्डरकडून मिस केंडी नावाची तरुण बाई आली होती. फार गोड बोलते, प्रत्येकाला नाव विचारते.

सुरुवातीला मला आशा वाटली. ओलुओच साहेबांनी हिशोब मांडला की सांडपाण्याचा नळ चाळीस घरांसाठी टाकलेला आहे, आत्ताच आठवड्यातून दोन दिवस पाणी येतं, आणखी दोनशे कुटुंबं आली की सगळे बादल्या घेऊन नदीवर. टाळ्या पडल्या. एक बाई उठून म्हणाली, "माझ्या खिडकीत आजवर माकडं डोकावत होती, आता सोळा मजले माणसं डोकावणार. आणि कसली माणसं, काय ठाऊक." मागून कोणीतरी म्हणालं, "माकडांना विचारलं का, ती काय काय बघतात?" सगळा तंबू हसला. मग पलीकडच्या नव्या इमारतीत राहणारा एक शिक्षक उठला. "कसली माणसं म्हणजे मीच. चौथ्या मजल्यावर राहतो. तुमच्याच मुलांना गणित शिकवतो. मी राहायला आलो तेव्हा कोणाचं काय बिघडलं?"

"माझा सिल्व्हर ओक गेला, सर," ओलुओच साहेब म्हणाले. "कुंपणाला लागून होता. तुमच्या पार्किंगसाठी."

शिक्षक म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं." आणि खाली बसला. मला त्याची कीव आली. त्यालाही कुठेतरी राहायचं होतंच.

फिलिस्टरने विचारलं, "मी रोज कांगेमीहून चालत येते. या इमारतीत मला खोली मिळेल का?" मिस केंडी म्हणाल्या, "ताई, सगळ्यांसाठी काही ना काही असेल." फिलिस्टर खाली बसताना मला म्हणाली, "ऐकलंस? काही ना काही."

मी तीनदा हात वर केला. माइक पुढेच फिरत राहिला. मग मिस केंडींनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "भाऊ, तुम्ही, मागचे उंच. चर्चचे आहात ना? शेवटची प्रार्थना तुम्ही करा."

ताई, आता जे लिहितो ते नीट वाच. मला पुढे बोलावून माइक दिला तो प्रार्थनेसाठी. प्रश्न विचारायची वेळ गेली होती. मला वाटलं, जो प्रश्न माणसांना विचारता आला नाही तो देवाला मोठ्याने विचारावा, म्हणजे माणसांनाही ऐकू जाईल. मी आपल्या चर्चमध्ये करतात तसं म्हणालो, "आपण सगळे या जागेकडे हात करू या." सगळ्यांनी दोन्ही हात पुढे पसरले. माळी, पहारेकरी, फिलिस्टर, पुढच्या पिवळ्या टी-शर्टवाल्यांतलेही निम्मे. जागेकडे म्हणजे जिकडे ते चित्र उभं होतं तिकडे. मी डोळे मिटून म्हणालो, "हे प्रभो, या जमिनीवर जे काही उभं राहील त्यात मागच्या खोल्यांत राहणाऱ्यांना विसरू नकोस. ज्यांनी इथे भांडी घासली, मुलं सांभाळली, त्यांचं म्हातारपण तुला दिसू दे." सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. बाहेर आल्यावर लोकांनी माझा हात हातात घेतला. एक बाई डोळे पुसत होती. त्या दिवशी मला वाटलं की मी काहीतरी केलं.

दोन आठवड्यांनी त्या पाटीशेजारी दुसरी पाटी लागली. वर फोटो. तंबूतले सगळे लोक, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची तोंडं इमारतीच्या चित्राकडे, आणि माइक धरून पुढे मी, डोळे मिटलेला. खाली लिहिलं होतं की सभेत सविस्तर चर्चा झाली आणि उपस्थितांनी हात उंचावून योजनेला पाठिंबा दिला. नगर कचेरीतही तोच फोटो गेला.

ओलुओच साहेबांनी मला रस्त्यात थांबवलं. "तू प्रार्थना केलीस की उद्घाटन?" फिलिस्टर माझ्याबरोबर होती, ती मात्र हसली नाही.

मी मिस केंडींकडे गेलो. म्हणालो, ती प्रार्थना होती. त्या म्हणाल्या, "हो तर, आणि किती सुंदर होती. आम्ही आशीर्वाद म्हणूनच घेतला." चहा दिला. तो चहा पीत बसल्यावर मला रागही धड आला नाही.

मग संघ वकिलाकडे गेला, आणि सप्टेंबरअखेरीला तडजोड झाली. सोळाचे चौदा मजले झाले आणि कुंपणाकडेने बिल्डरने झाडांची एक रांग लावायची ठरली. संघाने ओलुओच साहेबांच्या अंगणात बोकड भाजला. मी फाटकावर होतो, मलाही बशी आली. साहेब जवळ येऊन म्हणाले, "एल्फास, त्या फोटोचं मनाला लावून घेऊ नकोस. तो नसता तरी हेच झालं असतं. या गोष्टी सभेच्या आधीच ठरलेल्या असतात." त्यांनी चांगुलपणाने सांगितलं. पण ताई, तेव्हापासून माझी झोप आणखीच उडाली आहे. चूक माझी आहे असं वाटत होतं तोवर निदान 'मी हे असं केलं नसतं तर' असा विचार करता येत होता.

खोली १२ ऑक्टोबरला पाडली. आता लिहिलं. फाटक मीच उघडलं, कारण बिल्डरने मला पहारेकरी म्हणून ठेवून घेतलं आहे. नारिंगी जाकीट दिलं आहे. मी सिमेंटच्या गोदामात चार जणांबरोबर झोपतो. आईचा पलंग, दोन पातेली, भिंतीवरचं तुझ्या लग्नाचं चित्र मी आधीच बाहेर काढलं होतं. मशीनने भिंतीला एकदाच हात लावला. इतक्या वर्षांची खोली, पण विटा मातीतच बसवलेल्या होत्या, हे तेव्हा कळलं.

आता जानेवारीबद्दल.

आईला किरणांचा शेक घ्यायला मोठ्या इस्पितळात जानेवारीची तारीख मिळाली आहे. पाच आठवडे, रविवार सोडून रोज. ती तयार झाली तीच या एका बोलीवर, की "मी माझ्या खोलीतून चालत जाईन आणि माझ्या खोलीत येऊन पडेन." तू तिथे होतीस. "मी इस्पितळात नाही चालले, मी घरी चालले, जाता येता शेक घेईन," असं ती डॉक्टरांना म्हणाली होती.

मी काय काय केलं ते सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी नुसता बसून राहिलो. लांबून येणाऱ्या रोग्यांच्या वसतिगृहात मार्चपर्यंत जागा नाही, आणि मार्चपर्यंत थांबू नका असं डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. ओलुओच साहेबांकडे मागची खोली पाच आठवड्यांसाठी मागितली. ते म्हणाले, संघाने आता नियम केला आहे, मागच्या खोल्यांत बाहेरचं माणूस ठेवायचं नाही. आईला बाहेरचं माणूस म्हणताना ते खाली बघत होते. फिलिस्टर म्हणाली, "माझ्याकडे आण, पोरांना खाली झोपवते." तिच्याकडे एका खोलीत पाच जण आहेत, आणि तिथून इस्पितळाला दोन मटाटू गाड्या बदलून जावं लागतं. कावांग्वारेत मी एक खोली बघितली. लोखंडी जिन्याने वर चढायचं, संडास गल्लीच्या टोकाला, साऱ्या चाळीला एक. मी ते सगळं इस्पितळातल्या परिचारिकेला सांगितलं. ती जुनी बाई आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, "दुसऱ्या आठवड्यापासून तिला तासातासाला संडासला जावं लागेल. त्या जिन्यावरून? ती स्वतःच यायची बंद होईल. आणि अर्धवट सोडलेल्या शेकाने फक्त यातना वाढतात, बाबा. एक तर नीट करा, नाहीतर तिला घरी राहू द्या."

मला नीट करता येत नाही.

तू मोठी आहेस. तुला काही सुचलं तर जुंबाच्या हाती चिठ्ठी दे, तू म्हणशील ते मी त्याच दिवशी करीन. नाही सुचलं, तर आईला सांग की इस्पितळातलं मशीन बंद पडलं आहे. गेल्या वर्षी तिला दोनदा तसंच परत पाठवलं होतं, त्यामुळे ती विश्वास ठेवेल. ती म्हणेल, बरं झालं, बघू मग पुढे. खोलीचं मात्र सांगू नकोस. तेवढं तिच्याजवळ राहू दे.

पत्राबरोबर केळीच्या पानात बांधलेली एक जुडी आहे. तो नळाजवळचा गवती चहा. मशीन यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो मुळासकट काढला आणि रंगाच्या डब्यात लावला. गोदामामागे ठेवला आहे, रोज पाणी घालतो, त्याने जीव धरला आहे. ही पानं आईच्या चहात टाक. तिने विचारलं तर सांग, खोलीजवळूनच आली आहेत.

वर तारखेजवळ मी नुसतं नैरोबी लिहिलं, पत्ता घातला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझा धाकटा भाऊ,
एल्फास