पाठ टेकते तेव्हा

आबा, मी ज्युदो शिकायला जाते. या वयात, चिंचोळीच्या कारखान्यातून सुटल्यावर. लेकीला क्लासला घालायला गेले होते. ती आठवड्यात कंटाळली आणि मीच राहिले. नवख्यांचा पांढरा पट्टा बांधून शाळकरी पोरींच्या रांगेत उभी असते. तुम्ही ज्युदोच्या त्या जाड सदऱ्यालाच हसला असता. आपल्या कुस्तीत कपड्याला हात लावला की पंच ओरडायचे, इथं कॉलर आणि बाही धरूनच खेळायचं.

पहिल्याच दिवशी मी समोरच्या पोरीचा पट काढला, तुम्ही शिकवलेला, खाली वाकून दोन्ही पायांना मिठी मारून. ती आडवी झाली. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान आहेत. म्हणाल्या, "ताई, पायाला हात लावायचा नाही इथं."

"मग पाडायचं कसं?"

"आधी पडायला शिका की. पाडायचं मग बघू."

पडायला! मला मंगळवेढ्याचा आखाडा आठवला. तिथं एका पोरीनं मला चितपट केलं आणि मोडनिंबपर्यंत एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. उतरल्यावर एवढंच म्हणालात, "पाठ लागलीच कशी गं?" दुसऱ्या दिवशी माझ्या सरावासाठी गोठ्यामागची माती तुम्ही नेहमीसारखी उकरून ठेवली होती, म्हणजे रागावला नव्हतात. पण ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. क्लासमध्ये कुणी उचललं की मी ताठ होते, पाठ वाचवायला हात टेकवते. एकदा मनगट चांगलंच सुजलं. मॅडम चिडल्या, "सगळं वजन हातावर घेताय ताई. मोडेल एक दिवस."

त्या दिवशी रिक्षात बसले आणि तुमची मोरी डोळ्यापुढं आली. ओली फरशी, मी हात पुढं केलेला. "धरते की आबा." "सोड. मी काय पडतोय व्हय?" आणि तुम्ही घसरलात, तेही अंग ताठ करून, हात टेकवून. मनगट गेलं, खुबा गेला. त्यानंतर जी खाट धरलीत, तिच्यावरून तुम्ही परत उठला नाहीत. सगळा जन्म आखाड्यात काढलात, पण पडायचं कसं हे तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मी मन लावून पडायला लागले. हनुवटी छातीला, अंग सैल, हात टेकवायचा नाही, गादीवर सपकन आपटायचा. गेल्या शुक्रवारी, पहिल्या दिवशी मी पाडलेल्या त्याच पोरीनं मला पाठीवर घेतलं, आपल्या धोबीपछाडीसारखं. मी अडवलं नाही. सपाट पडले. ती घाबरून वाकली, "काकू, लागलं का हो?"

"न्हाय गं. लई छान टाकलंस."

तुम्ही असता तर हे लिहायची माझी छाती झाली नसती. ती पोरगी उठवायला हात देत होती आणि मी लगेच उठले नाही, आबा. पाठ पुरती टेकवून जराशी पडून राहिले. बरं वाटत होतं.