मोसंबीला टाके

३ नोव्हेंबर १९९३, बुधवार
मुंबईहून परत. दुर्बिणीतून हर्निया शिकण्याचा तीन दिवसांचा कोर्स पूर्ण. पहिला दिवस उद्घाटनात गेला. दुसऱ्या दिवशी दमयंतीसाठी साडी घ्यायला दादरला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी पूर्ण वेळ हजर होतो, पण पुढे एक उंच डॉक्टर बसला होता. तरी विषय मुळापासून समजला. पोटाला तीन बारीक भोकं, आत कॅमेरा, टीव्हीवर बघत आतून जाळी लावायची. पेशंट तिसऱ्या दिवशी कामावर.

नसबंदीच्या कॅम्पात दुर्बिणीला डोळा लावून शेकडो केसेस केल्यात, त्यामुळे दुर्बीण मला नवी नाही.

संकल्प : मराठवाड्यात हे कुणी शिकवत नाही. मी शिकवणार. दोन महिन्यांत वर्कशॉप.

दमयंती म्हणाली, आधी शिकून तर घ्या. तिला शिकवण्यातलं काय कळतं? (चोवीस वर्षं शाळेत शिकवते, पण ते वेगळं.)

७ नोव्हेंबर, रविवार
हाताला सवय व्हावी म्हणून मुंबईत एक पेटी होती. तिच्यात कॅमेरा. आपल्याकडे कॅमेरा नाही, पण डोकं आहे. पेटीत मागच्या बाजूला तिरपा आरसा बसवायचा, पुढून दोन अवजारं आत घालायची आणि आरशात बघत काम करायचं. चिकलठाण्याच्या बद्रीनाथ फॅब्रिकेटरने एका दिवसात पेटी करून दिली. एरवी तो स्कूटरच्या कंपनीला पत्र्याचे ट्रे पुरवतो. देवघर आहे का, म्हणाला.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
मुंबईत संत्र्याच्या सालीवर टाके घालायला लावतात. इथे जालन्याची मोसंबी स्वस्त. पहिले चार दिवस अवजार पुढे ढकललं की आरशात ते माझ्याकडे यायचं. डोकं गरगरायचं. आता उलटाच हिशेब हाताला बसत चाललाय.

डॉ. रामकिसन खरात, माझा असिस्टंट, पेटीत डोकावला. तीन वर्षं माझ्याकडे आहे, एम. एस. आहे, कमी बोलतो. म्हणाला, "सर, आरशात पुढचं मागं दिसतं. हाताला उलटी सवय लागेल." मी त्याला मानवी मेंदूची जुळवून घेण्याची शक्ती समजावून सांगितली. हो सर, म्हणाला. मुलगा गुणी आहे, कल्पनाशक्ती मात्र बेताची.

जूनमध्ये महिनाभर रजा घेऊन मुंबईला गेला होता. कशाला, ते विचारायचं राहिलंय. लग्नाचं असावं.

१ डिसेंबर, बुधवार
एका मोसंबीला बारा टाके, अकरा मिनिटांत. रस अजिबात गळला नाही. घरात दिवसातून तीनदा मोसंबी खावी लागते म्हणून दमयंतीची कुरकुर. आयाबाई चंपाबाई ओपीडीत पेशंटांना सांगत होती, साहेब फळाचं आप्रेशन करतेत. तिला समज दिली.

९ डिसेंबर, गुरुवार
वर्कशॉप १३ आणि १४ जानेवारीला. बारा सर्जन येणार. जालना, बीड, परभणी, लातूर, सगळीकडून. कॅमेरा आणि टीव्ही एक कंपनी दोन दिवस वापरायला देणार आहे. १४ तारखेला पेशंटवर प्रत्यक्ष ऑपरेशन, बाकीचे शेजारच्या खोलीत टीव्हीवर बघतील.

पत्रकाचं प्रूफ आलं. मुख्य प्रशिक्षक डॉ. मधुसूदन जिंतूरकर, म्हणजे मी. खाली सहप्रशिक्षक म्हणून खरातचं नाव होतं, ते काढलं. जागा पुरत नव्हती. शिवाय विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. बारा जण बारा गावचे, कोणाच्या मनात काय असेल सांगता येत नाही, उगाच कुणाला अवघडायला नको. मी स्वतः असलं काही मानत नाही. मुख्य कारण जागाच.

प्रूफ नेहमीप्रमाणे खरातनेच तपासलं. इंग्रजी स्पेलिंगच्या दोन चुका काढून दिल्या. बाकी काही बोलला नाही. म्हणजे त्याला पटलं असणार.

२२ डिसेंबर, बुधवार
पेशंट मिळाला. मुंजाबा, पडेगावचा, वय चाळीस. आधी मेंढरं राखायचा, आता वाळूजला एका कंत्राटदाराकडे पोती उचलतो. उजव्या जांघेत गोळा. बायको राजाबाई सोबत होती. मी दोघांना चित्र काढून दाखवलं. तीन भोकं, तिसऱ्या दिवशी कामावर. राजाबाईने विचारलं, "असं किती लोकायचं केलं, साहेब?" मी म्हणालो, हजाराच्या वर हर्निया केलेत. खोटं नाही. फक्त ते सगळे चिरा देऊन केलेले होते.

कंत्राटदार व्यंकटराव जास्त रजा देणार नाहीत म्हणे, म्हणून लेटरहेडवर लिहून दिलं : १७ जानेवारीपासून पोती उचलण्यास योग्य. सही, शिक्का. आगाऊ लिहून देण्यातही एक आत्मविश्वास असतो.

४ जानेवारी १९९४, मंगळवार
संकल्प : वर्कशॉपपर्यंत रोज दोन मोसंब्या. आज लग्नाला जावं लागलं. काल गाडी पंक्चर. परवा आठवत नाही.

सर्टिफिकिटं छापून आली. सोनेरी कडा. सुरेख.

१३ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळ
पहिला दिवस यशस्वी. बारा जणांनी पेटीवर हात चालवले. बीडचे एक सर्जन म्हणाले, हे उलटं वाटतंय. मी म्हणालो, सवयीने सुलटं होतं. सगळे हसले. वीस मोसंब्या फाटल्या, पण शिकताना तेवढं चालायचंच.

उद्या गावात बंदोबस्त वाढणार अशी बातमी. काही जणांना लवकर निघायचंय, म्हणून सर्टिफिकिटं आजच वाटून टाकली. फोटो छान आले असतील.

कंपनीचा कॅमेरा दुपारी चारला पोचला. खरात म्हणाला, सर, पेटीतला आरसा काढून कॅमेरा लावू, तासभर हात बसवा. पण फोटो चालू होते. शिवाय पाहुण्यांचं जेवण.

१४ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ७
संक्रांत. दमयंतीने तिळगूळ दिला. आज मराठवाड्याच्या शल्यचिकित्सेत नवं पान.

१४ जानेवारी, संध्याकाळी ७
ऑपरेशन झालं. पेशंट उत्तम. काही तांत्रिक कारणामुळे पद्धत ऐनवेळी बदलावी लागली. दुर्बीण कधी सोडावी हेही शिकवण्याचाच भाग आहे, असं मी पाहुण्यांना बाहेर येऊन सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. दोघे-तिघे खाली बघत होते.

कॅमेऱ्याचा रंग जरा लालसर होता. कंपनीला कळवायला हवं.

१५ जानेवारी, शनिवार
कालचं वाचलं. कॅमेऱ्याचा रंग लालसर नव्हता. ते रक्त होतं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तरी इथेही मी थाप मारली. आता झालं तसं लिहितो.

पोटात हवा भरली, कॅमेरा खरातच्या हातात, टीव्हीवर सगळं लख्ख दिसत होतं. पोटाचा आतला पडदा सोडवताना अवजार मागं घ्यायचं होतं. माझा हात पुढे गेला. दोन महिने मोसंबीवर पढवलेला हात, तो पुढेच जाणार. शिरेतून रक्त उडालं आणि टीव्ही लाल झाला. मी घाबरून मागं घ्यायला गेलो, हात आणखी पुढे. मग हात थांबलाच. मागंही नाही, पुढंही नाही.

खरात म्हणाला, "सर, उघडू या." आवाज न चढवता. सिस्टरच्या हातात कॅमेरा दिला, माझ्या हातातून अवजार सोडवून घेतलं, चिरा दिला, शीर बोटाने दाबली, बांधली, हर्निया दुरुस्त केला, जाळी लावली. मी चिरा फाकवणारा रिट्रॅक्टर धरून उभा होतो. ऑपरेशन नीट झालं ते त्याच्यामुळे. मुंजाबा जिवंत आहे तो त्याच्यामुळे. आणि बाहेर जाऊन भाषण मी केलं.

काल संध्याकाळी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाल्याचं कळलं. क्रांती चौकाकडून फटाके ऐकू येत होते. खरात मुंजाबाजवळ स्टुलावर बसून दर पंधरा मिनिटांनी बीपी घेत होता. मी म्हणालो, जा तू घरी, आज तुझ्या घरी सगळे वाट बघत असतील.

तो म्हणाला, "वडील सोळा वर्षं ह्या दिवसाची वाट बघत होते, सर. त्यांना अजून दोन तास चालतील. पेशंट नीट शुद्धीवर येऊ द्या."

मी घरी येऊन जेवलो. आणि वहीत कॅमेऱ्याचा रंग लिहिला. लाज वाटते.

१७ जानेवारी, सोमवार
मुंजाबाने आज कामावर जायचं होतं. तो कॉटवर कुशीवर वळायला शिकतोय.

दुपारी वाळूजला जाऊन कंत्राटदार व्यंकटरावांना भेटलो. त्यांनी ड्रॉवरमधून माझंच लेटरहेड काढून पुढे ठेवलं. १७ जानेवारीपासून योग्य. म्हणाले, तुमच्या शब्दावर जागा ठेवली होती डॉक्टर, आता दुसरा माणूस घेतला. मी म्हणालो, चूक माझी आहे. ते म्हणाले, हे आधी लिहून द्यायला हवं होतं.

१९ जानेवारी, बुधवार
वर्कशॉपचं शूटिंग करणाऱ्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने कॅसेट आणून दिली. सुरुवातीला फिरता गुलाब, माझं नाव आणि सनई. नंतर टीव्ही लाल होतो, तरी सनई चालूच. दमयंतीने पूर्ण बघितलं. मी थाप मारली असती तरी चाललं नसतं. ती एवढंच म्हणाली, "त्या मुलाचं नाव कुठंच कसं नाही हो?"

जागा नव्हती, म्हणालो.

तिने पत्रक आणलं. खरातच्या नावाच्या जागी मोसंबीचं चित्र होतं. मीच सांगून टाकायला लावलेलं.

२४ जानेवारी, सोमवार
मुंजाबाचे टाके काढले. सकाळपासून मनात ठरवलं होतं की आज सांगायचं. आधी दोन पेशंट बघितले, मग चहा घेतला, मग आणखी एक पेशंट. शेवटी सांगितलं. तीन भोकांचं कबूल केलं होतं, चिरा पडला, चूक माझ्या हाताची. तुला वाचवलं ते खरात डॉक्टरांनी, मी नाही.

मुंजाबा म्हणाला, "मला ठावं हाय. एवढा चिरा कसा, म्हनून म्या दुसऱ्याच दिशी खरात डाक्टरला इचारलं. ते म्हनले, साहेब सोता सांगतेल. म्या दहा दिस वाट बघू लागलो."

त्याच्या कामाचं विचारलं. म्हणाला, भावाकडे पंधरा मेंढरं आहेत, ती काही उचलावी लागत नाहीत. राजाबाई हसली नाही. माझ्याकडे बघत होती. तिने पहिल्या दिवशी नेमकं विचारलं होतं आणि मी नेमकं उत्तर चुकवलं होतं.

२५ जानेवारी, मंगळवार
चंपाबाईला विचारलं, खरात सकाळी कधी येतो? म्हणाली, "सहाला येतेत. मागच्या स्टोअरात खोक्याशी खेळतेत. पावसाळ्यापासनं. समद्यायला ठावं हाय की." सगळ्यांना, म्हणजे मी सोडून.

स्टोअर उघडलं. टीव्हीच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याला वरून चौकोनी भोक, शेजारी एका डोळ्यावर बांधायची पट्टी. टीव्हीवर किती खोल ते कळत नाही, म्हणून एक डोळा झाकायचा. आरसा नाही. आत चिंध्यांवर टाके, एकसारखे, मुंगीच्या रांगेसारखे.

आज विचारलं, जूनमध्ये मुंबईला कशाला गेला होतास? एका हॉस्पिटलात महिनाभर कॅमेरा धरायला. रोज तीन-चार केसेस. मी म्हणालो, सांगितलं का नाहीस? "तुम्ही विचारलं नाही, सर."

२९ जानेवारी, शनिवार
बारा जणांना पत्रं लिहिली. आरशाची पेटी चुकीची आहे, तिच्यावर शिकलेलं विसरा, सर्टिफिकीट परत पाठवा, पेशंटला हात लावू नका. शेवटी लिहिलं : ऑपरेशन पूर्ण केलं डॉ. रामकिसन खरात यांनी. पत्रकातून त्यांचं नाव मी काढलं होतं. जागा होती.

ही दोन शब्दांची ओळ लिहायला मोसंबीच्या बारा टाक्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

खरातला पत्र तपासायला दिलं. त्याने शिरेचं नाव दुरुस्त केलं. शेवटच्या ओळींत काही खोडलं नाही, कागद परत दिला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "पत्रं आज टपालात गेली पाहिजेत, सर. सोमवारी त्यांच्यापैकी कुणाचं तरी ऑपरेशन असेल." माफ केलं की नाही, ते कळलं नाही. मी विचारलंही नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार
बद्रीनाथ फॅब्रिकेटरने पेटी परत नेली. आता खरंच देवघर करणार म्हणाला, आरसा चांगला आहे.

बीडहून पहिलं उत्तर आलं. सोबत सोनेरी कडेचं सर्टिफिकीट, घडी घातलेलं. मजकूर दोन ओळींचा : पत्र मिळाले. डॉ. खरात प्रशिक्षण देणार असल्यास तारीख व त्यांचा पत्ता कळवावा.

कळवला. पत्ता माझ्याच नर्सिंग होमचा. मागचं स्टोअर, सकाळी सहा.

बॅचमध्ये सध्या एकच विद्यार्थी आहे, माजी मुख्य प्रशिक्षक. आज त्याचा तिसरा दिवस. डोळ्याला पट्टी बांधून अवजार मागं घ्यायला गेला, हात पुढे गेला, मोसंबी फुटली. खरात म्हणाला, परत. पुन्हा फुटली. परत.

सर्टिफिकीट कधी, हे विद्यार्थ्याने विचारलं नाही. उद्याची मोसंबी त्यानेच आणायची आहे.