खुशीची ओटी कोणी भरली

प्रिय मंजू,

‘प्रिय’ लिहायचंच नाही असं ठरवून बसले होते. हात लिहून गेला, आता राहू दे. पण राग गेला असं समजू नकोस. फोन केला की तू ‘आवाज नाही येऊन राह्यला वं ताई’ म्हणून बंद करतेस, आणि मोबाईलवर लिहून पाठवावं तर तुझा मोबाईल घरभर फिरतो. म्हणून कागद. आपण दोघी तुमसरच्या शाळेत मराठी शिकलो. तुझी पोरं हिंदी शाळेतली, माझं हे गिचमिड मराठी अक्षर दोन ओळींत सोडून देतील. तू मात्र शेवटपर्यंत वाच, आणि दार लावून वाच.

सरळच विचारते. खुशीच्या डोहाळजेवणात ओटी भरायला मला काहून नाही उठवलंस? मी तिची सख्खी मावशी. तिला न्हाऊ-माखू मी घातलंय, तू टायफॉइडने पडलीस तेव्हा ती माझ्याच कुशीत झोपायची. त्या दिवशी बालाघाटहून कटंगीला यायचं म्हणून मी सकाळपासून पोटात अन्नाचा कण घेतला नव्हता. नागपूरला मशीनवर किरणांचे शेक घेतल्यापासून माझं पोट बसमध्ये कधी दगा देईल याचा नेम नाही. सुजलेल्या पायावर तो घट्ट मोजा चढवला, वर नवी साडी नेसले, खुशीसाठी हिरवं लुगडं घेतलं आणि आले. पाच सवाष्णी उठवायची वेळ आली तेव्हा मी पदर सावरून तयारच होते. आणि तू मागे बसूनच सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘ताई, तू राहू दे, तुह्या पायाले उभं राहणं होत नाही.’ पाय! ओटी काय पायाने भरतात?

तुझी जाऊ माझ्या पाठीमागेच होती. ‘जिले पिशवीच नाही, ते काय ओटी भरते,’ हे ती हळू बोलली, पण माझे कान काही ऑपरेशनात काढलेले नाहीत. मग तिनेच उठून खुशीच्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला. आणि तू कुठे? मागच्या ओसरीत, कोपऱ्यात चटई टाकून बसलेली, भिंतीकडे तोंड करून. मला तोंड दाखवायची लाज वाटली असेल, असं मी समजले. बरं झालं, वाटू दे लाज, असंही मनात म्हटलं.

तुला एकटीला का बोलू? इथे सगळेच तसे. भाजीवाली विचारते, शेजारीण विचारते, ‘आता बऱ्या झाल्या ना?’ आणि उत्तर ऐकायच्या आधीच मान हलवतात. हौ, बरी झाले. आजार गेला म्हणून डॉक्टर म्हणाले. पण मला कोणी हे विचारत नाही की कुठे जायचं ठरलं तर आधी तिथला संडास कुठे आहे ते का शोधावं लागतं. संध्याकाळी पाय खांबासारखा का होतो. पोळ्या लाटता लाटता एकदम अंगातून आग निघते आणि मी पीठभरल्या हाताने पंख्याखाली उभी राहते. तुझे भाऊजी भरवेलीच्या खाणीतून रिटायर झाले, दिवसभर घरात असतात. त्यांना वाटतं मी कामचुकार झाले. नुसतं अंगण झाडलं तरी मला बसावं लागतं, हे त्यांना पटत नाही. नागपूरला सगळे हिंदीतून ‘हिम्मत रखो’ म्हणायचे. हिंमत मी ठेवली. आता कुणीतरी भांडी घासा.

आणि ती नळी. तुला आठवतेच. सुट्टी मिळायच्या दिवशी नर्सने आपल्या दोघींना पडद्यामागे नेऊन दाखवली होती, शेकाने आतली वाट आखडते, ती मोकळी राहावी म्हणून घरी वापरायची. तू पडद्यावरची फुलं बघत बसली होतीस. मी ती साड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली आहे. भाऊजींना एकदा सापडली, हे काय म्हणून विचारलं. बत्तीस वर्षांचा संसार, तीन पोरं, आणि मला सांगता येईना! ‘डॉक्टरांचं आहे’ एवढंच मी म्हणाले. त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत झोपतात. त्यांना वाटतं मला त्रास होऊ नये, मला वाटतं त्यांना किळस आली. आम्ही दोघंही विचारत नाही. त्या नर्सने मला सगळं सांगितलं गं, पण हे नवऱ्याला कसं सांगायचं ते नाही सांगितलं.

हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. नागपूरला माझी वेणी तू घातलीस, पातेल्यात पेज तू शिजवलीस, मी ओकायला लागले की पाठीवर हात तुझा. म्हणून तर तुझा राग जास्त आला.

त्या रागातच मी परतीच्या बसमध्ये बसले. वारासिवनी मागे पडेपर्यंत मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. मग एकदम वाटलं, ही मला उठवायला नको म्हणाली ते ठीक, पण स्वतः का नाही उठली? पहिली ओटी आईची. आई कधी लेकीची ओटी सोडून मागे बसते का? मग एकेक आठवत गेलं. देवाजवळ ठेवलेली माझी थैली मी तुला मागितली, तर तू दुसऱ्या बाईला हाक मारलीस. जावेने तुझ्या चटईपासून लांबूनच पाणी ठेवलं. तू दिवसभर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाहीस. मंजू, तू बाजूला बसली होतीस. महिन्याचं बसतात तशी. पण तुझं तर तुझ्या राहुलच्या लग्नाआधीच बंद झालं होतं! ‘सुटले वं ताई’ म्हणून तूच हसत सांगितलं होतंस.

मी ओटीला उठले असते तर आधी तुलाच हात धरून उठवलं असतं, म्हणून तू मला बसवलंस. तू माझा अपमान केलाच नव्हतास, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. नुसता अपमान असता तर किती बरं झालं असतं. माझंही असंच सुरू झालं होतं. मीही ‘जाता जाता येते कधी कधी’ म्हणून बाजूला बसत राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते तू माझ्या शेजारी बसून ऐकलंस, बंद झाल्यावर पुन्हा दिसलं तर ती पाळी नव्हे. ऐकूनही तू चटई टाकून बसलीस, आणि मला अपमान गिळू दिलास, पण सांगितलं नाहीस. का ते मला कळतं. माझे हाल बघून तू ठरवलंस की यापेक्षा न कळलेलं बरं. अगं मूर्ख, हे हाल त्या ऑपरेशनपेक्षा जास्त माझ्या उशिराचे आहेत. लवकर आले असते तर बहुधा शेक लागलेच नसते, म्हणाले होते डॉक्टर. आणि तुझं काही नसेलही, बहुतेकींचं दुसरंच काही निघतं. ते घरी चटईवर बसून कळणार नाही. सोमवारी पहिल्या बसने मी येते, तिथूनच नागपूरला निघू. माझ्या पोटाचं मी बघते. तयार नसलीस तर तुझ्या अंगणात उभी राहून जावेसमोर मोठ्याने सांगेन तुला काय होतंय ते. मला लाज उरली नाही, ती मी त्या पडद्यामागे ठेवून आले. खुशीच्या बाळाला पाळण्यात मी घालणार आहे, आणि पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला मला तू हवी आहेस.

तुझीच, अजून रागात असलेली,
ललिताताई