पेंढ्याचा दोर

१० जून, मांडवी

बॅग भरली. कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट. अक्षया तीन वर्षं परदेशात, त्या पार उत्तरेकडच्या बेटावर नर्स आहे — पुरे झालं आता! एकुलती एक लेक माझी. तिला घेऊनच येणार. शेजारच्या नसीमाला तसं ठणकावून सांगितलंय.

१४ जून, बेट

जून आहे की मस्करी? दोन स्वेटर घालूनही दात वाजतायत. झाड तर औषधालाही नाही!

अक्षयाने आज आठशे वर्षांपूर्वीची दोन चर्च दाखवली. पहिल्याच्या दारात मी सवयीने चपला काढल्या. ही ओरडली, "आई, इथे काढत नाहीत!" म्हटलं, देवाचं घर ना? मग काढणार. दाराशी पाद्रीणबाई उभी होती — हो, बाई आहे! — तिने माझ्या पायांकडे पाहिलं, हसली, आणि आपलेही बूट काढले. दोघी कुडकुडत आत हिंडलो.

१६ जून

आज जिंकले!

इथे एका शेतकऱ्याच्या जुन्या घराचं म्युझियम केलंय. पेंढ्याचं छप्पर, वरून पेंढ्याच्याच दोरांनी आवळलेलं, टोकांना दगड. दोर पार कुजलेत. तिथली बाई रडवेली झाली होती. दोर वळणारे म्हातारे गेले, यंदाच्या वाऱ्यात छप्पर उडणार म्हणे. अक्षयाने मला मराठीत सांगितलं.

म्हटलं, "अगो, हे तर सुंभ वळल्यासारखंच! सरक." फतकल मारून बसले, तळहातावर थुंकले, मांडीवर वळायला घेतलं. आईने काथ्यावर शिकवलेलं, चाळीस वर्षांत हात लावला नव्हता. पहिला दोर सुटला. लाज वाटली मेली. दुसरा धरला — तासाभरात तीन वाव, चांगला बारा हात! दोन दांडग्या बाप्यांनी दोन्हीकडून ओढला. तुटेना! टाळ्याच टाळ्या.

२० जून

सहाजणी शिकतायत. पाद्रीणबाईचा पीळ सैल पडतो, मी ओरडते. मराठीतच. कळतं तिला.

छपरावर पहिला दोर चढला! खाली एक म्हातारा अक्षयाचा हात सोडेना. काय म्हणतो विचारलं, तर ही सांगेना. शेवटी पाद्रीणबाईने खुणा करून, मोडकंतोडकं समजावलं — त्याची बायको हिच्यामुळे वाचली. बेटावर नर्स ही एकटीच.

२३ जून

अक्षया आपणहून म्हणाली, "आई, राजीनामा लिहिलाय. तुझ्याबरोबर येते." घ्या! मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

१ जुलै, मांडवी

निघायच्या आधी राजीनामा मीच फाडला. दारातच नसीमाने गाठलं, "लेक कुठाय गो?"

म्हटलं, "कामावर."