सख्ख्यांचं रक्त

प्रिय लोरेटा,

टोरांटोला गेल्यापासून तुझ्या डोक्याची चाळण झाली आहे, म्हणून आधी ओळख करून देते: मी फिलोमिना, तुझी आजी, न्यूफाउंडलंडच्या खाडीवर राहते आणि अजून जिवंत आहे. माझा वाढदिवस तू विसरलीस, ते मी मनात ठेवलेलं नाही. फक्त गावात भेटेल त्याला सांगितलं. लिहिते आहे शेजारची मेव्हिस. माझी आणि अक्षरांची ओळख झाली नाही ती नाहीच. मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं शहाणपण घालायचं नाही, असं तिला बजावलं आहे.

यंदा कॉड मासा जाळ्याला बरा लागतोय. उन्हाळ्यात गुडघा बदलून घ्यावा म्हणून मी शहरातल्या दवाखान्यात गेले, तर त्यांनी गुडघा ठेवला बाजूला आणि रक्तच धरून बसले. डॉक्टरीणबाई तुझ्याएवढी, पण नीट समजावते. पांढऱ्या पेशीच्या पोटात एक गाभा असतो म्हणे. चांगल्या माणसाचा गाभा तीन-चार गाठींचा, माझा दोनच गाठींचा, मधे बारीक दोरा. नाकावर चिमटून बसवायच्या जुन्या चष्म्यासारखा. म्हातारपणी हाडातली मज्जा बिघडली की ती अशा अर्धवट पेशी घडवायला लागते, आणि तो आजार बरा नव्हे. पण काही घराण्यांत जन्मापासूनच पेशी अशा असतात, त्यांना काही होत नाही. म्हणून ती म्हणाली, भावंडांना घेऊन या, त्यांच्यातही तसंच निघालं तर ते घराण्याचंच.

अँब्रोज मासळीच्या बुटांनिशी आला, गर्टी चर्चच्या टोपीत. दोघांचं रक्त काचेवर पसरून पाहिलं. लखलखीत. सगळ्या गाठी जागच्या जागी. डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "ही तुमची सख्खीच भावंडं ना?"

"मग काय उसनी आणलीत?" मी म्हटलं. गर्टी एवढी हसली की टोपी पडली. आणि बाईने सप्टेंबरात माझ्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची तारीख दिली.

येताना अर्ध्या वाटेवर अँब्रोजने गाडीचा वेग कमी केला. "फिलो, तुला पलीकडच्या काठावरून बोटीत घालून आणलं होतं ना गं? पिठाच्या पोत्यात गुंडाळून?"

बघ कसं असतं. माझी आई बाळंतपणात गेली, बाप पुढच्याच हिवाळ्यात समुद्रात. यांच्या आईने मला उचललं आणि अंगावर पाजलं. आमच्याकडे जो एका टेबलाशी वाढला तो भाऊ. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. मी खोटं बोलले नाही, पोरी. मला खरंच आठवलं नाही. तुलाही कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. गर्टी मात्र तेव्हापासून माझा हात सोडत नाही. जणू मला कोणी परत न्यायला येणार आहे.

मेव्हिसने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाली, मग त्या दोघांच्या रक्ताला काही अर्थ नाही. तुमच्या खऱ्या रक्ताचं कोणी आहे का? माझ्या आईला मी एकटीच. तुझा बाप, माझा लेक, तिकडे टेकडीवर निजला आहे. उरलीस तू. सुई पाहून तू आडवी होतेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा आडवी होऊनच दे. तुझ्या पेशींत तो चष्मा निघाला, तर आपण दोघी धडधाकट आणि मी नुसता गुडघा बदलून घेईन. नाही निघाला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही असं बाई म्हणते; मग मी सुई घेईन, आणि त्या दिवशी तू इथे असावंस. एवढ्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू रडली असतीस, आणि मग मीही.

ओंटारिओचे पीच निघाले असतील. कडक बघून, एकेक कागदात गुंडाळून पाठव. मऊ पाठवू नकोस. मेव्हिस त्यांचा जॅम करते आणि मला तो चांगला म्हणावा लागतो.

तुझीच, पोत्यातून आलेली,
फिलो आजी