पाच वाजेपर्यंतचा निवारा

आप्पा, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली आणि मी आज तुम्हाला एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीणबाई, आमच्या मेंढरांना कळंल असं सांगा."

शब्द आहे शेल्टर. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला आलेल्यांची मुलं आमच्या शाळेत आहेत, त्यांना मी इंग्रजी शिकवते. फळ्यावर अर्थ लिहिला: आसरा, निवारा, सुरक्षित जागा. पावसात पत्र्याखाली थांबलो तर आपण शेल्टर घेतो, कुणाला घरात घेतलं तर शेल्टर देतो. मग वाक्यं करून आणायला सांगितली. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'आमची शाळा पाच वाजेपर्यंत शेल्टर आहे.' इंग्रजी बिनचूक. मी लाल पेनाने 'गुड' लिहिलं आणि पुढची वही ओढली.

तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर ती नळापाशी दिसली. भरलेली बाटली ओतून पुन्हा भरत होती. घरी का जात नाहीस, विचारलं. "मम्मी सात बजे येते, मॅडम, कंपनीच्या बसनी. तोपर्यंत बाजूच्या खोलीतले अंकल आमच्या दारात उभे राहतात." मला कोकरं झाकायचं आपलं डालगं आठवलं.

उन्हाळ्याची सुट्टी. दौंडकडे ऊस निघालेल्या एका रानात आपण मेंढरं बसवली आहेत. शेताला खत, आपल्याला धान्य. तुम्ही कळप घेऊन नदीकडे जाता आणि तीन तान्ही कोकरं माझ्यावर सोपवता. मी लिंबाच्या गार सावलीत त्यांच्यावर बांबूचं डालगं पालथं घालते, वर दगड ठेवते. आता कुत्र्याचं भय नाही, घारीचं नाही. मग कालव्याच्या कडेला इंग्रजी शब्दार्थ घोकत बसते. तुम्ही परत आलात तेव्हा डालगं जागच्या जागी होतं, दगडही होता. सावली तेवढी निघून गेली होती. तिघांतलं एक कोकरू मेलं होतं.

तुम्ही हात उगारला नाहीत. ते कोकरू मांडीवर घेऊन म्हणालात, "सावली काय दावणीला बांधलीया व्हय? डालगं ठिवलं म्हंजी झालं न्हाई. ती सरंल तसं आपुन बी सरायचं." मला तुमचाच राग आला. माझं शिकणं तुम्हाला खुपतं, असं वाटलं. रोज दुपारी तुम्ही चार-पाच वेळा उठून ते डालगं हलवायचात, हे मी बघतच आले होते, पण ते काम आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

गेले दोन आठवडे मी सातपर्यंत शाळेत थांबते. शिपाईमामा किल्ल्या वाजवतात, "मॅडम, कुलूप लावायचं हाय, कवा जायाचं?" मी म्हणते, तिची आई आली की. आईशी बोलले आहे, मुख्याध्यापकांच्याही कानावर घातलं आहे. खोली बदलायचं चाललं आहे. तोवर ती शेजारी बसून गणितं करते, मी वह्या तपासते. आता वाचून तपासते.

हे पत्र धाडायचं कुठे, तुमचा मुक्काम आता मला ठाऊक नाही. पण एक सांगायचं राहिलं होतं. कोकरू मेलं त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले होते, मधे दोनदा येऊन बघून गेले. आप्पा, मी एकदाही आले नव्हते.